सुविचार : बेडगी अर्धा किलो

गिरिजा मुद्देबिहाळ यांना आमच्या शाळेत नावाने कुणी ओळखत नसे. त्या नुसत्या अक्कोरू. आमच्याकडे शिकवणारी बाई म्हणजे अक्कोरूच. पण शाळेतल्या बाकीच्या दोघींना ओळखायला मागे नाव लावावं लागे, यांना लागत नसे. छत्तीस वर्षांची नोकरी, पाच शाळा, तीन जनगणना, निवडणुका मोजलेल्या नाहीत, एकदा गावातल्या म्हशींची शिरगणती, आणि यातून उरलेल्या वेळात पाचवी ते सातवीला कन्नड. उजवा गुडघा कामातून गेलेला, रक्तात साखर. सकाळी तालुक्याहून येणाऱ्या बसमधून उतरल्या की फाटकाशी थांबत, शाळेकडे एकदा बघत आणि म्हणत, "पुरे झालं." मग आत येऊन संध्याकाळी साडेचारपर्यंत शिकवत. मी गणिताचा. आमच्या खुर्च्या एकाच टेबलाला समोरासमोर होत्या, त्यामुळे हे "पुरे झालं" मी अकरा वर्षं ऐकलं. पुरं झालेलं मात्र कधी पाहिलं नाही.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय ते त्यांचं शेवटचं वर्ष. एप्रिलअखेर निवृत्ती होती. अशा वर्षी माणसं रजा संपवतात. अक्कोरूंचाही तसा विचार होता, पण डिसेंबरात सुविचाराचं प्रकरण झालं.

आमच्या शाळेत रोज प्रार्थनेआधी फळ्यावर सुविचार लिहितात. पद्धत ठरलेली. अक्कोरू कागदाच्या चिठोऱ्यावर सुविचार लिहून देणार, सातवीतली फक्कीरव्वा तळवार तो फळ्यावर उतरवणार, सातवीतलीच शाहिदा बेपारी तो तुकड्यातुकड्याने मोठ्यांदा वाचणार आणि एकशे चाळीस पोरं तिच्यामागून म्हणणार. फक्कीरव्वाचं अक्षर म्हणजे छापखान्याने शिकावं असं. हस्ताक्षर स्पर्धेत सलग तीन वर्षं पहिली, तिन्ही वेळा अक्कोरूंच्या हातून स्टीलचं ताट. शाळेला पाहुणे आले की हेडमास्तर विरुपाक्षप्पा त्यांना आधी मुतारी सोडून बाकी शाळा दाखवत आणि मग फक्कीरव्वाची वही.

अक्कोरूंना कागद वाया घालवलेला चालत नसे. सरकारी परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्यांचं अर्धं आयुष्य लिहिलेलं होतं. त्या दिवशी घाईत त्यांनी सुविचार लिहिला तो आपल्याच वाणसामानाच्या यादीच्या मागे. चिठोरं फक्कीरव्वाच्या हातात गेलं. त्याला दोन बाजू होत्या, आणि तिने एक निवडली.

प्रार्थनेला आम्ही सगळे डोळे मिटून उभे. शाहिदाचा आवाज खणखणीत.

"आजचा सुविचार!"

"आजचा सुविचार!"

"बेडगी मिरची अर्धा किलो!"

"बेडगी मिरची अर्धा किलो!"

"लसूण पाव किलो, करडईचं तेल एक लिटर!"

एकशे चाळीस पोरांनी तेही म्हटलं. कुणी हसलं नाही. शेवटची ओळ अक्कोरूंनी स्वतःला बजावण्यासाठी लिहिलेली होती, "गूळ अजिबात घेऊ नये." ती पोरांनी सर्वांत जोरात म्हटली, कारण ती खरोखरच सुविचारासारखी होती. हेडमास्तर डोळे मिटून मान डोलावत होते. मीही हात जोडलेलेच ठेवले होते, हे कबूल केलेलं बरं. आमच्या शाळेची सगळी साक्षरता त्या पाच मिनिटांत फळ्यासमोर उभी होती. एकीने न वाचता लिहिलं, दुसरीने न समजता वाचलं आणि उरलेल्यांनी न ऐकता म्हटलं.

डोळे उघडले ते एकट्या अक्कोरूंनी. यादी त्यांची होती.

प्रार्थना संपल्यावर त्यांनी फक्कीरव्वाला आमच्या खोलीत बोलावलं. पोरगी तेरा वर्षांची, उंच, दोन घट्ट वेण्या, पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी.

"का गं, माझी थट्टा करतेस?"

तिचा अंगठा फरशीवर फिरतच राहिला.

"कुणी सांगितलं असं लिहायला?"

अक्कोरूंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी एक चिठोरं काढलं, त्यावर काहीतरी लिहून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "कर."

डिसेंबरचं वारं सुटलं होतं, दार सताड उघडं होतं. फक्कीरव्वाने टेबलावरची पाटी ओढली आणि चिठोऱ्यावरचा मजकूर तीवर सुंदर अक्षरात उतरवला. वेलांट्या अशा की बघत राहावं. पाटी पुढे करून ती उभी राहिली.

पाटीवर लिहिलं होतं, "दार लावून ये."

दार उघडंच होतं. शेवटी मी उठून लावलं.

"पुस्तक काढ," अक्कोरू म्हणाल्या. "तिसरा धडा."

तिने तिसरा धडा घडाघडा म्हटला. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं अक्कोरूंसारखं. धड्याच्या मध्येच अक्कोरूंना येतो तो खोकलासुद्धा. बोट मात्र सगळा वेळ पानावरच्या बैलाच्या चित्रावर होतं.

"फक्की," अक्कोरू अगदी हळू म्हणाल्या, "हे अक्षर काय म्हणतं गं?"

"कुठं काय म्हणतंय अक्कोरू?" ती खरोखरच गोंधळली होती. "ते काढायचं असतंय की. रांगोळीसारखं. सगळ्यांना येतंय, मला जरा बरं येतंय."

ती गेल्यावर अक्कोरूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सर, तीन ताटं दिली हो मी तिला."

"स्पर्धा हस्ताक्षराची होती," मी म्हटलं.

"हो. तेवढंच बघितलं."

त्या आठवड्यात त्यांनी तिन्ही वर्गांतल्या एकेका पोराला न वाचलेला कागद देऊन तपासलं. आणखी सहा निघाली; दोन पाचवीत, चार सहावीत. चित्रकलेचा तास त्यांनी हेडमास्तरांकडून मागून घेतला. चित्रकलेला शिक्षक नव्हताच, त्यामुळे त्या विषयाची हानी झाली नाही. सातही जणांना त्या रोज त्या तासाला घेऊन बसत. पण सहा जणांना अजून वेळ होता. म्हणजे त्यांना दुसऱ्या कुणीतरी शिकवायला वेळ होता. फक्कीरव्वा सातवीत. आमची शाळा सातवीला संपते. पुढचं हायस्कूल सात किलोमीटरवर, आणि तिच्या आईचं वेगळंच ठरलेलं होतं.

आई दुर्गव्वा मिरचीच्या वखारीत जाते. सकाळी सहाला टेम्पो येतो, गावातल्या तीस बायका घेऊन जातो. दिवसभर मिरचीची देठं खुडायची. पोरगी सातवी झाली की टेम्पोत तिची जागा धरून ठेवलेली होती. अक्कोरू एका संध्याकाळी गुडघा ओढत त्यांच्या घरी गेल्या, सोबत मलाही नेलं. चुलीपुढे दुर्गव्वा भाकऱ्या थापत होती. भिंतीला तीन स्टीलची ताटं ओळीने उभी.

"दुर्गव्वा, पोरीला वाचता येत नाही," अक्कोरूंनी प्रस्तावना न करता सांगितलं.

दुर्गव्वा हसली. "काहीतरीच अक्कोरू! रोज सांजच्याला मला सबंध धडा वाचून दाखवती की."

"पाठ आहे तिला तो."

दुर्गव्वाने पोरीकडे पाहिलं. पोरीने जमिनीकडे. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"मग सात वर्षं तुम्ही काय करत होता हो?"

"बक्षिसं देत होते," अक्कोरू म्हणाल्या.

दुर्गव्वाने भाकरी उलटली, आमच्यापुढे एकेक ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. भांडण असलं तरी आमच्याकडे जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

"एप्रिलपर्यंत थांब," अक्कोरू म्हणाल्या. "वाचायला लागली तर हायस्कूलला घाल."

"आणि नाही लागली तर?"

"तर टेम्पो आहेच."

दुर्गव्वाने विचार केला. "देठं खुडायला वाचता यावं लागत नाही अक्कोरू, म्हणून मी खुडते. एप्रिलपर्यंत बघते. पण पुस्तकातलं मला नको. पुस्तकातलं हिला सगळं येतंय, ते कळलं आता. हिने कधी बघितलेलं नाही, मी कधी ऐकलेलं नाही, असं काहीतरी हिने माझ्यापुढं वाचायचं. मग घालते."

येताना अंधारात अक्कोरू म्हणाल्या, "सर, माझ्या नोकरीत एवढी नीट परीक्षा कुणी घेतली नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्या हेडमास्तरांकडे गेल्या. त्या वर्षी वरून मोहीम होती: प्रत्येक पोराला अक्षर येतं, शब्द येतो, वाक्य येतं की गोष्ट, ते मोबाइलमध्ये भरायचं. विरुपाक्षप्पांनी एका रविवारी घरी बसून सगळी शाळा गोष्टीपर्यंत पोहोचवली होती.

"फक्कीरव्वाला अक्षरावर आणा," अक्कोरू म्हणाल्या.

"अक्कोरू, त्याच्यात पोराला वर चढवायचं बटण आहे. खाली उतरवायचं नाही."

"मग माझ्या वर्गाची नोंद चुकीची राहील."

"बरोबर कुणाची आहे? तुमचे चार महिने राहिले. शाल घ्या, हार घ्या, निवांत जावा की. कशाला उगीच?"

"पुरे झालं," अक्कोरू म्हणाल्या. ते कुणाला उद्देशून होतं ते हेडमास्तरांना कळलं नाही.

शिकवायची रीत त्यांनी काही मोठी शोधून काढली नाही. पहिले तीन आठवडे अक्षर आणि त्याचा आवाज, एवढंच. पोरीला अक्षर काढायला शिकवावं लागत नव्हतं, हा फायदा; आणि तोच तोटा. आवाज सांगितला की ती अक्षर सुंदर काढून दाखवी आणि आवाज विसरून जाई. शेवटी अक्कोरूंनी तिच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "लिहायचं नाही. आता एप्रिलपर्यंत लिहायचं नाही." पोरगी रडली. शाळेत तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती. फळ्यावरचा सुविचार तेव्हापासून शाहिदा लिहायला लागली. तिचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं, पण तिला निदान कुठल्या बाजूचं लिहायचं ते कळत होतं.

जानेवारीत अक्कोरूंनी यादीचा मार्ग धरला. शाळेच्या फाटकासमोर चन्नय्याचं किराणा दुकान आहे. त्याला त्यांनी सांगून ठेवलं, की पोरगी रोज चिठ्ठी घेऊन येईल, तू चिठ्ठी बघायची नाहीस. ती वाचेल ते द्यायचं.

"अक्कोरू, हे दुकान आहे का शाळा?"

"दुकानच असू दे. तुझ्याकडे वजन तरी खरं मिळतं."

आणि फक्कीरव्वाला सांगितलं, "चन्नय्याचा चष्मा फुटलाय. तूच वाचून दाखवायचं. आणशील ते मी खाईन."

पहिल्या दिवशी चिठ्ठीवर मीठ होतं. तिने मीठ आणलं. सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पोहे लिहिले. तिने मीठ आणलं. पुढचे चार दिवस काहीही लिहिलं तरी मीठच आलं. अक्कोरूंनी ते निमूटपणे पिशवीत भरून बसने घरी नेलं. त्यानंतर अंदाज सुरू झाले. पहिल्या अक्षरावरून पोरगी पुढची वस्तू स्वतःच ठरवी, त्यामुळे कापूर आला, काड्यापेट्या आल्या, एकदा उंदराचा सापळा आला. सापळा अक्कोरूंनी मला दिला. आठवड्याने आणखी एक दिला. आमच्या घरात त्या वर्षी उंदीर नव्हते.

"अंदाज करू नकोस," त्या तिला रोज सांगत. "बोट ठेव. बोट जिथे आहे तिथेच तोंड पाहिजे. तोंड बोटाच्या पुढं पळालं की थांब. परत मागे ये."

"लई वेळ लागतंय अक्कोरू."

"लागू दे. मला कुठे जायचंय?"

खरं तर त्यांना पावणेपाचची बस असे. ती चुकली की पुढची सव्वासहाला. त्या तीन महिन्यांत पावणेपाचची बस त्यांना किती वेळा मिळाली ते कंडक्टर सांगू शकेल. मी कधी कधी सोबत थांबत असे. बाकावर पाय पसरून, गुडघ्यावर हात ठेवून त्या डोळे मिटून ऐकत, आणि पोरगी समोर बसून चिठ्ठीवरची अक्षरं एकेक करून ओढून काढी, विहिरीतून बादली काढावी तशी. मध्येच अक्कोरूंना डुलकी लागे. पोरगी चुकली की मात्र डोळे न उघडता त्या म्हणत, "मागे ये."

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा तिने चिठ्ठीवरच्या पाचही वस्तू बरोबर आणल्या. आम्हाला वाटलं, चन्नय्याने चिठ्ठी बघितली असणार. अक्कोरू तडक रस्ता ओलांडून गेल्या. "खरं सांग."

"विभूतीची शपथ अक्कोरू, नाही बघितली. तिने एकेक वस्तू वाचेस्तोवर माझी चार गिऱ्हाइकं परत गेली."

परत येऊन त्या खुर्चीत बसल्या. आनंद वगैरे काही दाखवला नाही. एवढंच म्हणाल्या, "पाच वस्तूंना सोळा मिनिटं."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरून तपासणीला साहेब आले. तरुण होते, हातात मोबाइल. विरुपाक्षप्पांनी परंपरेप्रमाणे फक्कीरव्वाची वही पुढे केली. साहेबांनी वही पाहिली, खूश झाले आणि म्हणाले, "वा! आता जरा वाच बघू." आणि पुस्तकाचा तिसरा धडा उघडून दिला.

तिसरा धडा. तो तिला खोकल्यासकट पाठ होता. हेडमास्तरांचा चेहरा उजळला. मी खिडकीशी होतो, अक्कोरू मागच्या बाकाजवळ भिंतीला टेकून. फक्कीरव्वाने पुस्तक बाकावर ठेवलं. बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं. आणि वाचायला लागली.

एकेक अक्षर. थांबून. एकदा तोंड पुढे पळालं. पाठ झालेलं वाक्य जिभेवर होतंच. ती थांबली, मागे आली आणि बोटाखालून पुन्हा सुरुवात केली. तीन ओळींना चार मिनिटं लागली.

साहेबांनी मोबाइलमध्ये पाहिलं. "इथे तर हिला गोष्ट येते असं आहे."

"घाबरली साहेब," विरुपाक्षप्पा म्हणाले. मग वाकून तिच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अगं फक्की, म्हण की घडाघडा! पाठ आहे की तुला!"

"सर," ती म्हणाली, "अक्कोरूंनी पाठ म्हणायचं बंद केलंय."

साहेबांनी काहीतरी नोंदवलं. त्यांच्याकडे, का कोण जाणे, खाली उतरवायचं बटण होतं.

पोरगी खोटी वाचत होती तेव्हा ती गोष्टीत होती. खरी वाचायला लागली आणि अक्षरावर आली. अक्कोरूंना मी हे बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "सर, हसवू नका, गुडघा दुखतो."

त्या नोंदीची नोटीस आली ती मार्चअखेर, शनिवारी सकाळच्या शाळेला. हेडमास्तरांनी पाकीट अक्कोरूंच्या हातात ठेवलं आणि लगेच कामाला निघून गेले. अक्कोरूंनी ते फोडलंही नाही. अशी पाकिटं काय म्हणतात ते वजनावरून कळतं. त्याच वेळी दारात दुर्गव्वा येऊन उभी राहिली. वखार त्या दिवशी बंद होती, पण लुगड्यात आठवडाभराची मिरचीची धूळ होती. ती आत आली आणि आम्ही सगळे शिंकायला लागलो.

"अक्कोरू, परीक्षा संपली. सोमवारपासून हिला टेम्पोत घेऊन जाते. साहेबांपुढं अडखळली म्हणं, सगळं गाव सांगतंय."

फक्कीरव्वा तिच्यामागे उभी होती. अक्कोरूंनी आईकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग हातातल्या पाकिटाकडे.

"हे आत्ता आलंय," त्या दुर्गव्वाला म्हणाल्या. "बंद आहे, बघ. मी वाचलेलं नाही, सरांनी वाचलेलं नाही. हिने तर नाहीच नाही. चालेल?"

दुर्गव्वाने पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं, डिंक चिकटलेला आहे ना ते नखाने तपासलं. "चालेल."

फक्कीरव्वाने पाकीट फोडलं. कागद टेबलावर पसरला. बोट ठेवलं. सरकारी भाषा, एकेक शब्द कोपरापर्यंत लांब. जावक क्रमांकापासून सुरुवात झाली, कारण काय गाळायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी घड्याळात बघायचं सोडून दिलं. मध्ये दोनदा शिंका आल्या, दोनदा ती मागे गेली. मधल्या सुटीची घंटा झाली, पोरं बाहेर धावली, ही वाचतेच आहे. दुर्गव्वा उभ्याची खाली बसली. "आपल्या... वर्गातील... विद्यार्थिनी... कुमारी..." इथे ती थांबली. बोट पुढे सरकेना.

"मागे ये," अक्कोरू म्हणाल्या.

"मागे नाही यायचं अक्कोरू. पुढं माझं नाव आहे."

"मग ते वाच."

तिने नाव वाचलं. पुढचं वाचलं. "...हिला वाचन कौशल्य प्राप्त झालेले नसून, याबाबत आपण सात दिवसांत लेखी खुलासा करावा." सही वाचता आली नाही, ती कुणालाच येत नाही.

"काय लिहिलंय?" दुर्गव्वाने विचारलं.

पोरगी कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अव्वा, मला वाचता येत नाही असं लिहिलंय."

"कुठं?"

"हे बघ, इथं."

दुर्गव्वा वाकून तिथे बघत राहिली, जसं काही दिसणारच होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, खरंच असंच लिहिलंय?"

"शब्द न् शब्द," मी म्हटलं.

दुर्गव्वा पदराला हात पुसत उठली. "एप्रिल-मे टेम्पोत येऊ दे. घरात बसून काय करणार? जूनला हायस्कूलचं बघते." आणि दारातून वळून म्हणाली, "आणि अक्कोरू, ह्या कागदवाल्यांना कुणीतरी कळवा की."

खुलासा अक्कोरूंनी तिथेच लिहिला, कुठल्याशा परिपत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर. दोन ओळींचा होता. "नोटिशीतील मजकूर सात वर्षांपुरता खरा आहे. सदर नोटीस सदर विद्यार्थिनीने स्वतः वाचून दाखवली." हेडमास्तरांनी तो पुढे पाठवला की नाही ते मी विचारलं नाही. एप्रिलअखेर शाल मिळाली, हार मिळाला. खुलाशाचं उत्तर काही आलं नाही.

पण ते पुढचं. त्या शनिवारी अक्कोरूंनी चष्मा काढला, डोळे चोळले, "पुरे झालं" म्हणाल्या. मग नोटीस उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तीवर त्यांनी काहीतरी लिहिलं, कागदाची घडी घातली आणि फक्कीरव्वापुढे धरली. "चन्नय्याकडे जाऊन ये. या बाजूचं वाच."

ती दारापर्यंत गेली, तिथेच घडी उघडली आणि बोट ठेवून थांबली. मग मागे वळली.

"अक्कोरू, गूळ लिहिलंय."

"वाचलंस ना? मग आण."